चार सेंटिमीटर हाड आणि एका स्नायूचा हिशेब

पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेत सगळ्यांचं लक्ष हाडावर असतं. एक्स-रेत हाड दिसतं आणि "किती वाढलं?" याचं उत्तरही हाडाच्या सेंटिमीटरांत मिळतं. पण हे उपचार अडतात, दुखतात आणि फसतात ते बहुतेक वेळा स्नायूपाशी. हाड कापलेलं असतं, त्यामुळे फटीत नवं हाड भरायला जागा मिळते. स्नायू कोणी कापत नाही. तो दोन्ही टोकांना होता तिथेच चिकटलेला असतो आणि त्याची टोकं मात्र रोज थोडी थोडी एकमेकांपासून दूर नेली जातात.

अशा वेळी स्नायू नेमकं काय करतो, याची उत्तरं बरीचशी सशांवरच्या आणि कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून आलेली आहेत. माणसात हे मोजायचं तर एकाच व्यक्तीचा तोच स्नायू उपचाराआधी आणि नंतर, दोनदा उघडा मिळायला हवा. केवळ मोजमापासाठी कोणी कोणाची मांडी उघडणार नाही. म्हणून २००७ मध्ये 'क्लिनिकल ऑर्थोपेडिक्स अँड रिलेटेड रिसर्च' या नियतकालिकात बोक्स, फोरान, वॉर्ड आणि लीबर या संशोधकांनी दिलेली एकाच रुग्णाची नोंद मला मोलाची वाटते. शोधनिबंध छोटा आहे. त्यातले आकडे मात्र सरळ नाहीत, आणि इथे त्यांच्याकडे जरा नीट बघायचं आहे.

प्रकरण

रुग्णाच्या एका पायात ४ सेंटिमीटरचा आखूडपणा होता. मांडीचं हाड कापून, सावकाश ताणून तो भरून काढायचं ठरलं. अभ्यासासाठी निवडलेला स्नायू होता व्हास्टस लॅटरॅलिस, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या अंगाला हाताला लागतो तो. गुडघा सरळ करणाऱ्या चार स्नायूंच्या गटातला, क्वाड्रिसेप्समधला, हा सर्वांत मोठा.

मोजायच्या गोष्टी दोन होत्या. पहिली, स्नायूच्या तंतूंच्या एका जुडीची लांबी. ती अल्ट्रासाउंडवर पाहिली. दुसरी, सार्कोमिअरची लांबी. सार्कोमिअर म्हणजे स्नायूचा आखडणारा सर्वांत छोटा एकक, मिलिमीटरच्या हजारातल्या दोन-तीन भागांएवढा. तंतूत हे एकक एकापुढे एक, हजारोंच्या संख्येनं लागलेले असतात आणि त्यांमुळे तंतूवर आडवे पट्टे दिसतात. या पट्ट्यांतून लेसरचा किरण पाठवला की तो ठराविक अंतरावर फाकतो, आणि त्या अंतरावरून एका सार्कोमिअरची लांबी काढता येते. शस्त्रक्रिया चालू असतानाच हे मोजण्याची पद्धत रिचर्ड लीबर यांनी आधी हाताच्या स्नायूंवर वापरली होती. जुडीच्या लांबीला सार्कोमिअरच्या लांबीनं भागलं की एका तंतूत किती सार्कोमिअर ओळीनं लागले आहेत ते कळतं.

सुरुवातीला सार्कोमिअरची लांबी होती ३.६४ मायक्रोमीटर आणि ओळीतली संख्या सुमारे २५ हजार. वर्षभरानंतर लांबी भरली ३.११ मायक्रोमीटर आणि संख्या ५८ हजारांच्या वर गेलेली.

म्हणजे ओढलेला स्नायू नुसता ताणून राहिला नव्हता. त्यानं नवा स्नायू बांधला होता. उलट प्रत्येक एकक पहिल्यापेक्षा *आखूड* झालं होतं. रबर ताणल्यासारखं झालं असतं तर सार्कोमिअर लांब भरायला हवे होते.

ओळीत भर, जाडीत नाही

स्नायू वाढतो तो दोन दिशांनी. व्यायामशाळेत वजनं उचलणाऱ्याचा दंड फुगतो तेव्हा तंतूच्या आत शेजारी शेजारी भर पडते, तंतू जाड होतो, बळ वाढतं. पाय लांब करताना भर पडते ती ओळीत, तंतूंच्या टोकांकडे. साखळीला जास्तीच्या कड्या जोडल्या तर साखळी लांब होते, पण ती जास्त वजन पेलत नाही, तसंच इथे. ओळीत सार्कोमिअर वाढल्यानं स्नायूचा पल्ला वाढतो, आखडण्याचा वेग वाढतो. जोर तेवढाच राहतो.

पण 'तेवढाच' म्हणतानाही एक खाच आहे. सार्कोमिअरला जोर लावायला एक सोयीची लांबी असते. माणसात ती २.६ ते २.८ मायक्रोमीटरच्या आसपास. त्याहून जास्त ताणला की आतले दोन प्रकारचे धागे एकमेकांवरून सरकून दूर जातात, एकमेकांना धरायला जागा कमी उरते, आणि ४.२ मायक्रोमीटरच्या आसपास पकड जवळजवळ संपते. या हिशेबानं ३.६४ वर असलेला सार्कोमिअर आपल्या कमाल जोराच्या चाळीसेक टक्क्यांवर असणार आणि ३.११ वर ऐंशीच्या जवळ. हा माझा, सार्कोमिअरची लांबी आणि जोर यांच्या आलेखावरून काढलेला अंदाज आहे, आणि मोजमाप शस्त्रक्रियेच्या टेबलावर पाय ज्या स्थितीत होता त्या स्थितीतलं आहे, चालतानाचं नाही. तरी दिशा स्पष्ट आहे. हाड लांब झाल्यावर या स्नायूचे एकक जास्त सोयीच्या जागी येऊन बसले होते.

मांडीचं हाड रोज १ मिलिमीटर ताणतात असं धरू. रूढ वेग तोच आहे. १ मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रोमीटर. ३.६४ नं भागलं तर रोज सुमारे २७५ नवे सार्कोमिअर, तासाला अकरा, तेही प्रत्येक तंतूत. हे सतत चाललं तरच स्नायू जिथल्या तिथे राहतो, ताण वाढत नाही. झोपेतही यातून सुट्टी नाही. या काळात रुग्णाला भूक लागते, थकवा येतो, वजन उतरतं, त्यात नवल नाही. आणि नेमकं याच काळात दुखण्यामुळे जेवण कमी होतं.

आकडे जुळत नाहीत ते कुठे

हा शोधनिबंध स्नायू जुळवून घेतो याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. तो आहेच. पण आकडे मांडून बघितले की एक प्रश्न उरतो.

२५ हजार सार्कोमिअर गुणिले ३.६४ मायक्रोमीटर, म्हणजे जुडीची लांबी सुमारे ९.२ सेंटिमीटर. निरोगी माणसात या स्नायूचे तंतू दहाएक सेंटिमीटरचे असतात, तेव्हा सुरुवात पटण्यासारखी. वर्षानंतर ५८ हजारांवरचे सार्कोमिअर गुणिले ३.११, म्हणजे सुमारे १८.२ सेंटिमीटर. हाड वाढलं ४ सेंटिमीटर आणि तंतू वाढले ९.

हाडानं जेवढी मागणी केली तेवढीच पुरवायची तर आणखी ११ हजार सार्कोमिअर पुरले असते. तंतू ९.२ वरून १३.२ सेंटिमीटर झाला आणि शिवाय प्रत्येक सार्कोमिअर आदर्श २.७ मायक्रोमीटरवर आला, असं उदार मनानं धरलं तरी एकूण ४९ हजारांच्या आत भागतं. नोंद त्याच्याही बरीच वर आहे.

स्नायूनं गरजेपेक्षा जास्त बांधकाम केलं, हे एक स्पष्टीकरण. अशक्य नाही. माझा कल मात्र दुसरीकडे आहे, आणि तो स्नायूच्या आकाराशी जोडलेला आहे.

व्हास्टस लॅटरॅलिसचे तंतू मांडीच्या लांबीला समांतर नसतात. ते तिरके लागलेले असतात, एका बाजूच्या पसरट कंडरेपासून (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) दुसऱ्या बाजूच्या कंडरेपर्यंत. निरोगी माणसात हा तिरकेपणा पंधरा-वीस अंशांच्या आसपास. अल्ट्रासाउंडच्या, त्वचेवर टेकवायच्या प्रोबची रुंदी चार-सहा सेंटिमीटर असते, त्यामुळे लांब तंतू एका चित्रात पुरा मावत नाही. मग बऱ्याचदा स्नायूची जाडी आणि तंतूंचा कोन यांवरून उरलेली लांबी काढावी लागते. आता समजा स्नायू २ सेंटिमीटर जाड आहे. कोन साडेबारा अंश असेल तर लांबी येते ९.२ सेंटिमीटर. कोन ६.३ अंश असेल तर १८.२. म्हणजे सहा अंशांच्या फरकात लांबी दुप्पट! हे आकडे माझे, समजावण्यापुरते. त्या रुग्णाचे नव्हेत. पण कोन लहान होत गेला की मोजमाप किती निसरडं होतं ते यात दिसतं.

आणि पाय लांब करताना कोन लहान होतोच. तिरक्या तंतूंची दोन्ही टोकं लांबीच्या दिशेनं ओढली की ते तेवढे तिरके राहत नाहीत, ओढीच्या रेषेकडे वळतात. म्हणून स्नायू लांब होतो तो दोन मार्गांनी: थोडा तंतू वाढून, थोडा तंतू वळून. ५८ हजारांतले पाच-दहा हजार मोजणीच्या खात्यातले असू शकतात असं मला वाटतं. उरलेली वाढ खरीच आहे. केवळ वळण्यानं सार्कोमिअर आखूड होत नाहीत; त्यासाठी नवे यावेच लागतात.

आकार कुठे बदलतो

'स्नायू लांब झाला' असं आपण सरसकट म्हणतो. पण हाड कुठे कापलं यावर कोणते तंतू ताणले जातात ते ठरतं. व्हास्टस लॅटरॅलिस मांडीच्या हाडावर एका बिंदूत उगवत नाही. वर खुब्याजवळून सुरू होऊन हाडाच्या मागच्या कण्याला धरून तो बराच खाली येतो. हाड मधोमध कापलं तर कापाच्या वर उगवणारे तंतू गुडघ्याच्या वाटीपर्यंत जाताना काप ओलांडतात, त्यांना ओढ बसते. कापाच्या खाली उगवणारे तंतू वाटीसोबत तसेच्या तसे खाली सरकतात, त्यांना ताण जवळजवळ नाही. एकाच स्नायूच्या वरच्या भागात बांधकाम जोरात आणि खालच्या भागात शांतता, असं होऊ शकतं. मांडीचा उभार त्यामुळे सगळीकडे सारखा ताणलेला दिसत नाही.

पोटरीचं वेगळं. नडगीचं हाड सहसा गुडघ्याखाली कापतात. पोटरीचा मोठा स्नायू, गॅस्ट्रोक्नेमिअस, मांडीच्या हाडावरून निघून टाचेला पोचतो, म्हणजे तो सगळाच काप ओलांडतो. शिवाय त्याच्या खाली लांब कंडरा आहे. स्नायूचा मांसल भाग वर आणि खाली लांबलचक नडगी, असं चित्र बऱ्याच रुग्णांना आरशात दिसतं आणि "पोटरी वर चढली" अशी तक्रार येते. पोटरी चढलेली नसते. खालचं अंतर वाढलेलं असतं. टाच उचलली जाऊन पाय चवड्यावर येणं हा मात्र दिसण्याचा प्रश्न नाही, तो खरा आखडलेपणा आहे आणि नडगी वाढवताना त्याचीच सर्वांत जास्त धास्ती असते.

मांडी सुकते म्हणजे काय

"हाड वाढलं, पण मांडी सुकली" हे वाक्य फिजिओथेरपीच्या खोलीत वारंवार ऐकू येतं. यात तीन गोष्टी एकत्र असतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय उपाय सापडत नाही.

पहिली नुसती भूमितीची. स्नायूचा ऐवज, म्हणजे घनफळ, तेवढंच राहिलं आणि तंतू ९.२ वरून १३.२ सेंटिमीटर झाले, तर तंतूंना काटकोनात घेतलेल्या छेदाचं क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी घटतं. १८.२ खरे मानले तर ते निम्म्यावर येतं. जोर या क्षेत्रफळावर ठरतो. म्हणून लांबी वाढताना स्नायू नवं प्रथिन बांधत असला तरी ते सगळं लांबीतच खर्च होतं, जाडीसाठी उरत नाही.

दुसरी, न वापरल्याची झीज. महिनोनमहिने पायावर पूर्ण भार नाही, दुखतं म्हणून स्नायू आवळला जात नाही. ही झीज प्लास्टरमधल्या कोणत्याही पायात होते, तशीच इथेही. फक्त इथे काळ लांब. हाड ताणायचे दिवस कमी असतात. नवं हाड पक्कं व्हायला त्याच्या दुपटीहून जास्त काळ जातो. ढोबळ अंदाज एका सेंटिमीटरला महिनाभर, मोठ्या माणसात त्याहूनही जास्त.

तिसरी गोष्ट मोजपट्टीत दिसत नाही. ताणाचा वेग स्नायूला झेपेनासा झाला की तंतू जागोजागी तुटतात आणि तंतूंमधल्या जाळीत कोलॅजन, म्हणजे चिवट धाग्यांचं प्रथिन, साचतं. असा स्नायू बाहेरून भरलेला वाटू शकतो, पण तो चिवट असतो. गुडघा वाकवायला गेलं की मध्येच थांबतो. सार्कोमिअर पुरेसे असूनही सांधा अडतो तो यामुळे.

वेगाचं हे गणित गावरीइल इलिझारोव्ह यांनी सायबेरियातल्या कुर्गानमध्ये कुत्र्यांवर बसवलं. दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणलं तर हाड वेळेआधीच जुळून बसायचं, २ मिलिमीटर ताणलं तर मऊ ऊतींची हानी व्हायची, १ मिलिमीटर बरं पडायचं. शिवाय तो एक मिलिमीटर एकदम न ताणता दिवसभरात जितक्या बारीक टप्प्यांत ताणला तितकं चांगलं. म्हणून पायाभोवती बसवून तारांनी हाडाला जोडलेल्या रिंगांच्या चौकटीवर दिवसातून चार वेळा पाव पाव मिलिमीटर फिरवतात. आता मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसणारे, बाहेरून चुंबकानं लांब होणारे खिळेही आले आहेत. त्यांनी तारांचा त्रास, जखमांचा संसर्ग आणि स्नायूतून आरपार गेलेल्या पिनांची खोच टळते. स्नायूचा रोजचा २७५ चा हिशेब खिळ्यानं कमी होत नाही.

आणि अडचण स्नायूपाशी आहे, हे शतकापूर्वीही ठाऊक होतं. बोलोन्याच्या अलेस्सान्द्रो कोदिविल्ला यांनी १९०५ मध्ये पाय लांब करण्यावर जो निबंध लिहिला, तो मांडला होता आखडलेले स्नायू आणि ऊती लांब कशा करायच्या या प्रश्नाभोवती.

मांजराचा सोलिअस आणि गुडघ्याखालची उशी

१९७२ मध्ये ताबारी, गोल्डस्पिंक आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या पायाला वेगवेगळ्या स्थितीत प्लास्टर घातलं. पोटरीतला सोलिअस हा स्नायू ताणलेल्या स्थितीत ठेवला, त्यात चार आठवड्यांत सार्कोमिअर सुमारे १९ टक्क्यांनी वाढले. आखूड स्थितीत ठेवला, त्यात ४० टक्क्यांनी घटले. मोडण्याचा वेग बांधण्याच्या दुप्पट.

मांडी लांब करताना याचा अर्थ असा. पुढचे स्नायू ताणले जातात तसे मागचेही. मागचे हॅमस्ट्रिंग नितंबापासून गुडघ्याखाली जातात, दोन सांधे ओलांडतात. ते आवळले की गुडघा थोडा वाकवून ठेवला तर बरं वाटतं, मग घरची माणसं मायेनं गुडघ्याखाली उशी देतात. त्या उशीवर रात्रभर हॅमस्ट्रिंग आखूड पडून राहतो आणि दिवसभरात जोडलेलं काढायला लागतो. आठवडाभराची उशी पुढे बरेच दिवस निस्तरावी लागते. उशी टाचेखाली द्यायची, गुडघ्याखाली नाही. एवढं एक घरातल्यांना पटलं तर बरंच काम होतं.

पुढचा आणि मागचा स्नायू असे दोन्ही एकाच वेळी नवी लांबी बांधत असतात, म्हणून व्यायामही दोन्ही दिशांचा लागतो: गुडघा पूर्ण सरळ करणं आणि जमेल तितका वाकवणं. गुडघा वाकेनासा झाला तर अनुभवी सर्जन ताणण्याचा वेग कमी करतो किंवा काही दिवस थांबतो. त्यानं हाडाचं वेळापत्रक मागे पडतं. पडू द्यावं.

नंतर

ओळीत भरलेले सार्कोमिअर टिकतात, कारण हाडाची नवी लांबी कायम राहते आणि रोजचं चालणं त्यांना त्याच लांबीत वापरतं. जाडी परत यायला वेगळं काम लागतं: भार, विरोध, पुरेसं प्रथिन, आणि वेळ. क्वाड्रिसेप्सचा जोर दुसऱ्या पायाच्या बरोबरीला यायला वर्ष-दोन वर्षं लागणं नेहमीचं आहे.

सोव्हिएत उंचउडीपटू व्हॅलेरी ब्रुमेलचं उदाहरण यात नेहमी निघतं. १९६३ मध्ये २.२८ मीटरचा विश्वविक्रम, १९६४ मध्ये टोकियोत सुवर्णपदक, १९६५ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात उजवा पाय चिरडला. अनेक शस्त्रक्रिया होऊनही पाय आखूडच राहिला, आणि १९६८ मध्ये तो कुर्गानला इलिझारोव्ह यांच्याकडे गेला. पाय जुळला, लांबी भरून निघाली, आणि ब्रुमेल पुन्हा २ मीटरच्या वर उडाला. या उडीनं इलिझारोव्ह यांचं नाव देशभर झालं. २.२८ परत आले नाहीत. तीन वर्षांची झीज, वय, मोडलेलं हाड, कारणं अनेक; पण लांबी परत मिळणं आणि उडी परत मिळणं यांत किती अंतर असतं ते या दोन आकड्यांत दिसतं. उंची वाढवण्यासाठी, कुठलाही आखूडपणा नसताना, धडधाकट पाय कापून घ्यायला निघालेल्यांना मी हा भाग आधी सांगेन. त्यांचे स्नायू आहेत त्या लांबीवर उत्तम बसलेले असतात.

मोजताना होणारी एक गफलत इथे सांगायला हवी, कारण ती सर्रास होते. मांडीचा घेर गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटिमीटर वर घेतात, उपचाराआधी आणि नंतर, आणि तुलना करतात. हाड ४ सेंटिमीटर वाढल्यावर ते १५ सेंटिमीटर स्नायूच्या त्याच जागी येत नाहीत. काप त्या खुणेच्या खाली असेल तर नवी खूण स्नायूच्या आधीपेक्षा खालच्या, बारीक भागावर पडते आणि झीज आहे त्याहून जास्त दिसते.  म्हणून घेर मांडीच्या एकूण लांबीच्या ठराविक भागावर घ्यावा, खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यापासून वाटीपर्यंतच्या अंतराच्या निम्म्यावर, आणि दोन्ही पायांचा त्याच दिवशी. सोबत गुडघा किती अंश वाकतो आणि किती अंश सरळ होतो हेही लिहून ठेवावं.